काचेला चिकटलेला फोटो आणि “ही आई नव्हे”

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजी-आजोबांचा, लग्नानंतर लगेच स्टुडिओत काढलेला फोटो आहे. साल १९५२-५३, आकार सहा बाय आठ इंच. फ्रेमची काच डाव्या कडेला फोटोला चिकटलीय, सगळा फोटो पिवळट झालाय, आजोबांच्या गालावरून एक घडी गेलीय आणि आजीच्या पदरावर, चेहऱ्यावर बुरशीचे ठिपके आहेत. मोबाइलवरच्या एका अ‍ॅपमध्ये टाकल्यावर फोटो लख्ख झाला, घरात सगळ्यांना आवडला, पण तुमच्या वडिलांनी बघितला आणि म्हणाले, “ही आई नव्हे.” आता घरच्या घरी हा फोटो नीट करता येईल का, आणि करायचा तर कसा, असं तुम्ही विचारलंय.

करता येईल. पण वडिलांचं ते वाक्य बाजूला टाकू नका. मी सत्तावीस वर्षं हेच काम करतोय. साताऱ्याच्या एका स्टुडिओत निगेटिव्हवर पेन्सिलीने टचिंग करण्यापासून सुरुवात झाली, पुढे कॉम्प्युटर आला. एवढ्या वर्षांत काम जमलं की नाही हे ठरवायला मला एकच कसोटी भरवशाची वाटत आलीय: फोटोतल्या माणसाच्या मांडीवर जे वाढलं, ते तो फोटो बघून ओळखतं का? तुमच्या वडिलांनी ओळखलं नाही. म्हणजे अ‍ॅपने डाग काढता काढता माणूसही काढून टाकला. तो परत आणायचा तर हाताने काम करावं लागेल, आणि त्याला दोन-तीन रविवार लागतील.

सगळ्यात आधी काच. ती ओढू नका. त्या काळचा काळा-पांढरा फोटो म्हणजे जाड कागद, त्याच्यावर बेरियम सल्फेटचा पांढरा थर आणि त्याच्यावर जिलेटिनचा थर. जिलेटिनमध्ये चांदीचे अतिशय बारीक कण बसलेले असतात. फोटोतलं काळं म्हणजे ती चांदी. जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून काढलेलं असतं. ओल मिळाली की ते फुगतं, चिकट होतं. आपल्याकडे चार महिने पाऊस, फ्रेम टांगलेली भिंत ओली, फ्रेमच्या पाठीला ओल धरून ठेवणारा पुठ्ठा. फोटो काचेला टेकलेला असेल तर तो फुगलेला थर काचेलाच धरतो आणि पाऊस सरल्यावर डिंकासारखा वाळून बसतो. आता काच ओढलीत तर कागद तुमच्या हातात येईल आणि चित्र काचेवर राहील. अर्धा चेहरा असा काचेवर राहिलेले फोटो माझ्याकडे आले आहेत. सुरी, दोरा, हेअर ड्रायर, फ्रीजर यांतलं काहीही करू नका. पाण्यात भिजवलं की सुटतो, असं सांगणारे भेटतील, आणि कधी कधी तो सुटतोही. पण बुरशीने खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं, आणि तुमच्या फोटोवर बुरशी आहे. सोडवायचाच असेल तर संवर्धनाचं शिक्षण घेतलेल्या माणसाकडूनच, आणि तेही स्कॅन झाल्यावर. वारसा जपणाऱ्या इन्टॅक या संस्थेच्या संवर्धन प्रयोगशाळा आहेत, मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं संवर्धन केंद्र आहे. तिथे चौकशी करून बघा.

आपल्या कामासाठी मात्र काच सोडवायची गरजच नाही. फ्रेम पालथी घाला, मागचे बारीक खिळे पक्कडीने काढा, पुठ्ठा हळूच उचला आणि काच व फोटो एकत्रच बाहेर घ्या. पुठ्ठाही फोटोला चिकटला असेल तर तो तसाच राहू द्या. फोटोच्या मागे काही लिहिलंय का, स्टुडिओचा शिक्का आहे का, ते बघा आणि त्याचाही फोटो काढून ठेवा. काच बाहेरून कोरड्या मऊ कापडाने पुसा. फवारा मारू नका, पाणी कडेने आत शिरतं.

स्कॅनर कुठला, यावर इथे बरंच अवलंबून आहे. पातळ, हलके, नुसत्या यूएसबीवर चालणारे स्कॅनर मिळतात, त्यांत सीआयएस नावाचा सेन्सर असतो. त्याला स्कॅनरच्या काचेला टेकलेलंच स्पष्ट दिसतं. वस्तू दोन-तीन मिलिमीटर वर गेली की धूसर. तुमच्या फोटोच्या मध्ये फ्रेमची काच येणार, तेव्हा सीसीडी सेन्सरचा स्कॅनर हवा, उदाहरणार्थ एप्सनचा परफेक्शन व्ही६००. एका फोटोसाठी तो विकत घेऊ नका. गावातल्या चांगल्या फोटो लॅबमध्ये किंवा एखाद्या हौशी फोटोग्राफरकडे असतो. तिथे स्वतः जा, समोर उभं राहून स्कॅन करून घ्या आणि काम झालं की मूळ फोटो घरी घेऊन या. फोटो तिथे ठेवून येऊ नका.

स्कॅन ६०० डीपीआयवर (म्हणजे इंचाला ६०० ठिपके), रंगीत, ४८ बिट, आणि फाइल टिफ. सहा बाय आठ इंचाला ही ३,६०० बाय ४,८०० पिक्सेलची, साधारण १०० एमबीची फाइल होते. लॅबवाले म्हणतील एवढी कशाला, जेपेग देतो. जेपेग चित्र दाबून लहान करतं आणि बारकावे घालवतं, तेव्हा टिफच मागा. स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘धूळ काढा’, ‘रंग सुधारा’, ‘शार्प करा’ असे जे पर्याय असतात ते सगळे बंद ठेवा. स्कॅनरने स्वतःच्या अकलेने एकदा जे पुसलं ते पुढे कुठल्याच उपायाने परत येत नाही.

फोटो काळा-पांढरा असताना स्कॅन रंगीत कशाला, हे मला प्रत्येक जण विचारतो. फोटोला रंग नाही, पण डागांना आहे. पिवळा डाग निळा प्रकाश शोषतो आणि लाल प्रकाश जवळजवळ तसाच परत पाठवतो. म्हणून रंगीत स्कॅन फोटोशॉपमध्ये किंवा फुकट मिळणाऱ्या गिम्पमध्ये उघडून लाल, हिरवा, निळा हे चॅनेल, म्हणजे चित्राचे त्या त्या रंगाचे वेगळे भाग, एकेक करून बघा. निळ्यात फोटो चहा सांडल्यासारखा दिसेल. हिरव्यात डाग निम्म्यावर येतील. लाल चॅनेलमध्ये पिवळेपणा बहुतेक गेलेलाच असेल. तोच चॅनेल उचलायचा आणि त्याच्यावर पुढचं काम करायचं. ब्रशला हात न लावता निम्मी सफाई इथेच होते. सुरुवातीलाच ‘ग्रेस्केल’मध्ये स्कॅन केलंत तर तिन्ही चॅनेल एकत्र कालवले जातात आणि हा मार्ग बंद होतो. हा पिवळेपणा बहुतेक वेळा हायपोमुळे येतो. हायपो म्हणजे फोटो पक्का करायचं रसायन. प्रिंट त्याच्या द्रावणातून काढतात आणि मग वाहत्या पाण्यात भरपूर वेळ धुतात. धुणं कमी पडलं की कागदात राहिलेला हायपो वर्षानुवर्षं चांदीशी खेळत बसतो आणि चांदी पिवळी-तपकिरी पडत जाते.

एक स्कॅन झाला की फोटो १८० अंशांत फिरवून दुसरा घ्या. स्कॅनरचा दिवा एका बाजूने प्रकाश टाकतो, त्यामुळे घडीच्या एका कडेला उजेड पडतो, दुसऱ्या कडेला सावली. उलटा ठेवला की उजेड-सावलीची अदलाबदल होते. दोन्ही स्कॅन दोन लेअरवर, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या थरांवर, नेमके बसवून वरच्या लेअरची ओपॅसिटी (गडदपणा) ५० टक्के केली, म्हणजे तो अर्धा पारदर्शक केला, की घडीचा उठाव बराच सपाट होतो आणि उरते ती फक्त तडकलेली रेघ. १९७० च्या दशकातल्या, मधमाशीच्या पोळ्यासारखी नक्षी असलेल्या कागदावरच्या फोटोंनाही हाच उपाय चालतो.

फोटोच्या कडेला, काळ्या भागात, तिरपं बघितल्यावर आरशासारखी निळसर झाक दिसते का बघा. ती चांदी ओलीमुळे पृष्ठभागावर आलेली असते. स्कॅनमध्ये तिथे राखाडी धुकं येतं आणि कुठलंही सॉफ्टवेअर ते नीट काढत नाही. असं असेल तर स्कॅनरऐवजी कॅमेऱ्याने कॉपी करावी लागते: दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत दिवे, दिव्यांपुढे पोलरायझिंग शीट, लेन्सवर पोलरायझिंग फिल्टर आणि तो फिरवत फिरवत चमक पूर्ण मरेपर्यंत न्यायचा. हे काम घरी जमणं कठीण, जाणत्या माणसाला द्या. स्कॅनर मिळतच नसेल तर मोबाइलही चालेल. फोटो खिडकीजवळ सपाट ठेवा, फ्लॅश बंद, मोबाइल बरोबर समांतर, आणि काचेत स्वतःचं प्रतिबिंब पडू नये म्हणून मोबाइलमागे काळं कापड धरायला कुणाला तरी सांगा.

आता मुख्य काम. ते माउस हातात घेण्याआधीचं आहे. स्कॅन स्क्रीनवर १०० टक्क्यांवर उघडा आणि वडिलांना शेजारी बसवा. त्यांना विचारा: आजीच्या हनुवटीवर, कपाळावर गोंदण होतं का? कुंकू गोल लावायची की आडवी चिरी? अंगावर देवीचे व्रण होते का? नथ कुठल्या घडणीची? डोळ्याखाली तीळ होता का? ते बोलतील तसं कागदावर लिहून घ्या. फोटोत जो ठिपका दिसतोय तो काळाचा आहे की आजीचा, हे कॉम्प्युटरला कळत नाही. मलाही कळत नाही. ते तुमच्या वडिलांना माहीत आहे.

हे मी शिकलो ते एका चुकीतून. २००१ च्या सुमाराला चिपळूणकडच्या एक काकू आईचा फोटो घेऊन आल्या होत्या. फोटो बुरशीने भरला होता. मी दोन रात्री बसून एकूण एक ठिपका काढला. हनुवटीवर त्रिकोणात बसलेले तीन ठिपकेही काढले. काकूंनी प्रिंट हातात घेतली, बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “आईचं गोंदण कुठं गेलं? लहानपणी मी त्याच्यावर बोट ठेवून झोपायचे.” मूळ स्कॅन माझ्याकडे होता म्हणून ते तीन ठिपके दुसऱ्या दिवशी परत आणता आले. नसता तर गोंदण कायमचं गेलं असतं, आणि ते माझ्या हातून गेलं असतं. तेव्हापासून चेहऱ्यावरचा एकही ठिपका मी घरच्या माणसाला विचारल्याशिवाय काढत नाही.

विचारायला कुणी नसेल तर ओळखायच्या काही खुणा आहेत. अंधारात टॉर्च फोटोच्या अगदी आडवा धरा, काचेवरूनही चालतं. बुरशी, माशीची घाण, चिकटलेली धूळ पृष्ठभागावर असते, त्यामुळे आडव्या उजेडात ती वेगळी उठून दिसते, मळकट नाहीतर चमकदार. चित्रातला ठिपका, म्हणजे गोंदण, तीळ, व्रण, हा आडव्या उजेडात आजूबाजूच्या चित्रासारखाच राहतो. मग स्कॅन ३०० टक्के मोठा करा. बुरशीच्या ठिपक्याला बारीक केसांसारखे धागे फुटलेले असतात आणि ती गाल, पदर, मागचा पडदा असला भेद करत नाही, सरळ सगळ्यांवरून पसरत जाते. गोंदण कातडीवरच थांबतं. शिवाय लेन्समुळे चेहऱ्याला जेवढी मऊ धूसर कड असते तेवढीच गोंदणालाही असते. बुरशीची कड त्याहून धारदार असते. देवीचे व्रण म्हणजे लहान खळगे, त्यामुळे स्टुडिओचा दिवा ज्या बाजूला होता त्या बाजूची कड सावलीत आणि समोरची उजेडात असते. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ चा. त्याआधीच्या पिढ्यांमध्ये असे चेहरे घरोघरी होते, आणि ते व्रण ‘साफ’ करायचा अधिकार माझ्या मते आपल्याला नाही.

कुंकवाचं एक वेगळं सांगतो. ऑर्थोक्रोमॅटिक नावाच्या जुन्या जातीच्या निगेटिव्हला लाल रंग दिसतच नाही, म्हणून लाल कुंकू फोटोत काळंकुट्ट येतं, ओठही गडद येतात. कित्येकांना तो कपाळावरचा शाईचा डाग वाटतो. डाग काढणारी आपोआप चालणारी साधनं तर ते हटकून उडवतात, आणि मग सवाष्ण आजी भुंड्या कपाळाने समोर येते. त्या पिढीच्या माणसाला हे बघून काय वाटत असेल, ते तुमच्या वडिलांच्या चेहऱ्यावर तुम्ही बघितलंच असेल.

आता प्रत्यक्ष दुरुस्ती. मूळ स्कॅनची फाइल वेगळ्या ठिकाणी ठेवून द्या आणि कॉपीवर काम करा. कॉपीतही खालच्या लेअरला हात लावू नका. वर रिकामा लेअर घ्या, हीलिंग ब्रशला (शेजारचा भाग घेऊन डाग बुजवणाऱ्या साधनाला) ‘खालच्या सगळ्या लेअरमधून घे’ असं सांगा आणि रिकाम्या लेअरवरच रंगवत जा. चुकलं तर तेवढंच पुसता येतं, आणि चार दिवसांनी वडील म्हणाले ‘हा तीळ होता’, तर तोही परत आणता येतो.

क्रम असा ठेवा: आधी मागचा पडदा, मग जमीन आणि खुर्ची, मग कपडे, शेवटी चेहरे. पडद्यावर हात बसतो, तिथे चूक झाली तरी कुणाचं काही बिघडत नाही. पडद्यावर मोठे डाग असतील तर फोटोशॉपचं कंटेंट-अवेअर फिल, म्हणजे आजूबाजूचं बघून जागा आपोआप भरणारं साधन, बिनधास्त वापरा. गिम्पमध्ये रीसिंथेसायझर नावाचं प्लगइन तेच काम करतं. कपड्यांत जरा जपून. आजीच्या लुगड्याच्या काठावरून डाग गेला असेल तर काठाची नक्षी पुन्हा पुन्हा येणारी असते, तेव्हा शेजारचा चांगला तुकडा उचलून चुणीच्या वळणाप्रमाणे वाकवून बसवा. इथे हीलिंग ब्रश नक्षी पुसट करतो, तुकडा जसाच्या तसा उमटवणारा क्लोन स्टॅम्प बरा.

चिकटलेल्या कडेला फोटो ओला असल्यासारखा गडद दिसेल, कारण तिथे काच आणि जिलेटिन यांच्यामध्ये हवाच नाही. तो डाग समजून ब्रशने भरू नका. त्याखाली चित्र पूर्ण शाबूत असतं, बहुधा बाकीच्यापेक्षा स्पष्ट. त्या भागाभोवती मास्क करून (म्हणजे बाकीचा फोटो झाकून, बदल फक्त तेवढ्यावरच होईल असं करून) कर्व्ह्ज या उजेड कमी-जास्त करायच्या साधनाने उजळ करा आणि शेजारच्या भागाशी जुळवा. फक्त सीमेवरची रेघ तेवढी ब्रशने बुजवायची. या मास्कवर तासभर गेला तरी जाऊ द्या.

आजोबांच्या गालावरची घडी. ब्रश रेघेपेक्षा किंचितच मोठा घ्या. लांब फटकारा मारू नका. एका वेळी एक टिंब, आणि प्रत्येक टिंबाला नमुना रेघेच्या लगतचा, एकदा वरचा, एकदा खालचा. घडी गालावरून मिशीत शिरत असेल तर मिशीच्या केसांच्या दिशेने टिंबं द्या. घडी डोळ्यातून गेली असेल तर एक मोह होतो: चांगला डोळा उचलायचा, आरशासारखा उलटा करायचा आणि बिघडलेल्या जागी बसवायचा. तसं करू नका. बुबुळात स्टुडिओच्या दिव्याचा एक पांढरा ठिपका असतो, आणि तो दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला असतो. डोळा उलटा केला की ठिपका विरुद्ध बाजूला जातो आणि माणूस तिरळा नसला तरी नजर फुटलेली वाटते. शिवाय कुणाचेही दोन डोळे सारखे नसतात. डाव्या पापणीचा थोडा झुकाव हीच आजोबांची ओळख असू शकते. पापणीची रेघ दोन्हीकडून जोडत आणा आणि मध्ये जिथे काहीच उरलेलं नाही तिथे मऊ, धूसर राहू द्या. आजोबांचा त्याच वयाचा दुसरा फोटो असेल तर त्यातून तेवढा तुकडा घ्या.

ब्रश फिरवलेली जागा गुळगुळीत होते आणि जुन्या फोटोच्या दाण्यात ती प्लास्टिकसारखी चमकते. म्हणून शेवटी त्या लेअरवर थोडा ग्रेन, म्हणजे तसाच बारीक दाणा, टाका आणि १०० टक्क्यांवर बघून आजूबाजूशी जुळवा. उजेड-सावली सगळ्यात शेवटी, आणि हात राखून. जुन्या फोटोतला काळा अगदी कोळशासारखा आणि पांढरा अगदी चुन्यासारखा करायचा मोह होतो. तसं केलं की आजीच्या लुगड्याच्या चुण्या आणि आजोबांच्या टोपीचं कापड दोन्ही हरवतं.

सुरकुत्यांबद्दलही लिहितो. त्या काळचा टचिंगवाला निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून चेहरा तसाही थोडा नितळ करायचाच; मीही ते काम केलंय. म्हणजे तुमच्या फोटोवर एक हात आधीच फिरलेला आहे. त्याच्यावर आपण आणखी नितळ केलं तर उरतो तो मेणाचा मुखवटा.

आता त्या अ‍ॅपविषयी. मी एआयच्या विरोधात नाही, रोज वापरतो. पण त्याच्या आत काय चालतं ते समजून घ्या. चेहरा सुधारणारी जीएफपीगॅन ही २०२१ ची प्रणाली घेऊ. अनेक फुकट साधनांत तीच वापरलेली असते. तिला चेहऱ्यांचं ज्ञान मिळालं ते फ्लिकरवरून गोळा केलेल्या ७०,००० चेहऱ्यांच्या संग्रहातून. ती तुमच्या आजीच्या धूसर चेहऱ्याकडे बघते आणि ‘असा धूसर दिसणारा चेहरा स्पष्ट असता तर कसा असता’ याचा, त्या ७०,००० चेहऱ्यांवरून शिकलेला अंदाज ५१२ बाय ५१२ पिक्सेलमध्ये काढते. त्या संग्रहात इंटरनेटवर फोटो टाकणारी आजची माणसं आहेत. १९५२ सालची, नऊवारी नेसलेली, नाकात नथ घातलेली, हनुवटीवर गोंदलेली सातारा-सांगलीकडची बाई त्यात किती असेल? म्हणून नथीच्या मोत्यांचा गोळा होतो, गोंदण उडतं, कुंकू फिकटतं किंवा भुवयांमधली सावली बनतं, दात आधीपेक्षा सरळ होतात. चेहरा सुंदर येतो, कारण तो सुंदर चेहऱ्यांचा अंदाज असतो. तुमच्या वडिलांनी नेमकं तेच ओळखलं. समूहफोटोत तर एकेक चेहरा चाळीस-पन्नास पिक्सेलचा असतो, तिथे जे समोर येतं ते जवळजवळ सगळं रचलेलं.

मी एआय वापरतो ते असं: पडद्यावरचे ओरखडे, एकूण खरखर, रंगीत फोटोतला उडालेला रंग. चेहऱ्यावर वापरलंच तर त्याचा निकाल वेगळ्या लेअरवर ठेवतो, ओपॅसिटी २०-२५ टक्क्यांच्या वर नेत नाही, आणि डोळे, नाक, ओठ, हनुवटी, कपाळ मास्कने झाकून एआयपासून वाचवतो. म्हणजे केसांना, कानाला, गळ्याला थोडी मदत होते आणि ओळखीच्या जागा मूळच्याच राहतात. ज्या कामात एआयने काही रचलं असेल ते गिऱ्हाइकाला सांगतो आणि फाइलच्या नावातही लिहितो, कारण पन्नास वर्षांनी ती फाइल ज्याच्या हाती लागेल त्याला आजीचा खरा चेहरा म्हणून तोच दिसणार आहे. आणि घरच्या माणसांचे चेहरे कुठल्याही अनोळखी अ‍ॅपवर चढवण्याआधी ते चित्रांचं पुढे काय करतात हे त्यांच्या अटींत वाचा.

फोटो रंगीत करायचं तुम्ही विचारलेलं नाही, पण घरात कुणीतरी सुचवेलच. राखाडीवरून रंग सांगता येत नाही. ऑर्थोक्रोमॅटिक निगेटिव्ह असेल तर लाल लुगडं आणि काळी चंद्रकळा फोटोत सारखीच दिसतात. वडिलांना किंवा आत्यांना लुगड्याचा रंग नक्की आठवत असेल तर हौस म्हणून एक वेगळी प्रत करा, पण मूळ काम काळं-पांढरंच ठेवा. उलट, जुन्या फोटोवर स्टुडिओनेच हाताने रंग भरलेला असेल, गालावर गुलाबी, दागिन्यांवर पिवळा, तर तो डाग नव्हे. तो जपा.

काम बाहेर द्यायचं ठरवलंत तर त्या माणसाला तीनच गोष्टी विचारा: मूळ स्कॅनची टिफ मला मिळेल का, चेहऱ्यावर एआय वापरणार का, आणि अंतिम प्रिंटआधी चेहरा मोठा करून दाखवणार का. या प्रश्नांना जो वैतागेल त्याच्याकडे देऊ नका. पैसे फोटोच्या आकारावर नव्हे, चेहऱ्यावरच्या नुकसानीवर ठरतात. पडदा पूर्ण फाटलेला फोटो तासाभरात होतो आणि डोळ्यातून गेलेल्या एका रेघेला दिवस लागतो.

तयार झालेल्या फाइलची टिफ दोन ठिकाणी ठेवा, त्यातली एक घराबाहेर, भावाकडे किंवा क्लाउडवर. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर सांगली-कोल्हापूरकडून आणि चिपळूणहून माझ्याकडे जे अल्बम आले, त्यांतले कित्येक उघडतसुद्धा नव्हते. पानं एकमेकांत वाळून वीट झाली होती. (असं पुन्हा कुणावर आलं तर ओले फोटो एकमेकांत वाळू देऊ नका. स्वच्छ थंड पाण्यात हलकेच सुटे करा आणि चित्र वर ठेवून सावलीत वाळवा. बुरशी दोन दिवसांत धरते, तेवढा वेळ नसेल तर ओलेच पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा, म्हणजे उसंत मिळते. ज्यांच्यावर आधीपासून बुरशी आहे ते मात्र पाण्यात घालू नका.) नातेवाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर ते फोटो दाबून लहान करतं आणि तुमचा ग्रेन, चुण्या सगळं चिखल होतं.

प्रिंट पिगमेंट शाईची, मॅट कागदावर घ्या. लॅमिनेशन करू नका. फ्रेम करणाऱ्याला सांगा की काच आणि फोटो यांच्यामध्ये पुठ्ठ्याचा माउंट हवा, म्हणजे काच फोटोला टेकणार नाही आणि आज जे झालंय ते नव्या फोटोचं होणार नाही. मूळ फोटो काचेसकट, आम्लरहित कागदात गुंडाळून, आडवा, घराच्या आतल्या बाजूच्या कपाटात ठेवा. बाहेरच्या भिंतीला लागून नको, आणि चिकट पानांच्या अल्बममध्ये तर अजिबात नको. भिंतीवर लावायची ती नवी प्रत. पण फ्रेमवाल्याकडे जायच्या आधी साध्या कागदावर एक कच्ची प्रिंट काढा आणि काही न सांगता वडिलांच्या हातात द्या. त्यांनी हनुवटीकडे, कपाळाकडे बोट दाखवून काही म्हटलं, तर तेवढा लेअर पुन्हा उघडा.